बाथटब बसवताना यजमानांनी कुठे उभं राहावं

घरच्या घरी बाथटब बसवणं आणि बाथरूमच्या भिंतींना टाइल्स लावणं हे काम कोणताही सुशिक्षित गृहस्थ स्वतः करू शकतो. फक्त 'स्वतः' म्हणजे काय, ते आधी ठरवून घेतलेलं बरं. विलायतेत माणूस रविवारी सकाळी गुडघ्यांना पट्टे बांधतो आणि हातात थापी घेऊन खाली बसतो. आपल्याकडे खाली मिस्त्री बसतो आणि आपण दारात उभे राहतो. सत्यनारायणाला सगळं गुरुजी करतात, यजमान 'हाताला हात लावा' म्हटलं की हात लावतो, आणि तरीही पूजा यजमानांनी केली असंच गावभर होतं. तोच न्याय इथे. म्हणून या लेखात घरमालकाला यजमान म्हटलं आहे आणि सगळं मार्गदर्शन त्याच्यापुरतंच आहे. मिस्त्रीला मार्गदर्शनाची गरज नसते, आणि असली तरी तो ते घेत नाही.

सुरुवातीला यजमानांनी हवे तितके व्हिडिओ बघावेत. मिस्त्रीला मात्र एकही दाखवू नये. त्या व्हिडिओंतल्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेल्या असतात. खिळा कुठेही जातो आणि टाइल नुसत्या पटाशीने निघते. आपली भिंत विटांची, वर गिलावा, त्यावर बिल्डरने नव्वदच्या दशकात लावलेल्या फिकट गुलाबी टाइल्स. त्या तीस वर्षं हलल्या नाहीत आणि तुमच्या पटाशीनेही हलणार नाहीत.

वाचून ज्ञान मिळवायचं असेल तर टबाबाबतीत जरा जपूनच. एच. एल. मेंकन या अमेरिकन पत्रकाराने २८ डिसेंबर १९१७ रोजी 'न्यूयॉर्क इव्हनिंग मेल'मध्ये अमेरिकेतल्या बाथटबचा इतिहास लिहिला. पहिला टब १८४२ मध्ये सिनसिनाटीत बसला, डॉक्टरांनी त्याविरुद्ध ओरड केली, मग अध्यक्ष फिल्मोर यांनी व्हाइट हाउसमध्ये टब बसवून घेतला, वगैरे. सगळी थाप होती. १९२६ मध्ये त्याने तसं स्वतःच जाहीर केलं, तरी तो इतिहास पुढे कित्येक पुस्तकांत खरा म्हणून छापून येत राहिला. टबवाल्याच्या दुकानातला 'पाणी कमीच लागतं हो' हा इतिहास त्याच परंपरेतला.

टब घेण्याआधी टेप लावावा. साडेपाच फूट बाय अडीच फुटांचा अ‍ॅक्रिलिकचा टब सर्वसाधारण. दुकानात तो लहान दिसतो, कारण दुकान मोठं असतं. घरी पोचेपर्यंत त्याला तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली लिफ्टची: जुन्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये टब उभा केला तर मावतो, पण मग माणूस मावत नाही. टब एकटा वर पाठवायचा आणि तिसऱ्या मजल्यावर त्याला उतरवून घ्यायला दोघांनी जिन्याने धावायचं. दुसरी परीक्षा बाथरूमच्या दाराची. चौकट सव्वादोन ते अडीच फुटांची असते, तेव्हा टब कुशीवर वळवून न्यावा लागतो, आणि वळवायला पॅसेज लागतो, आणि पॅसेजमध्ये फ्रिज असतो. तिसरी परीक्षा टब आत गेल्यावर कळते: दार आतल्या बाजूला उघडत असेल तर ते टबाला आपटतं. मग दार बाहेर उघडणारं करून घ्यावं लागतं. ते फ्रिजला आपटतं.

वजनाचंही बोललं पाहिजे, कारण हा प्रश्न नातेवाइकांपैकी एक जण हमखास विचारतो. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. टब पस्तीसेक किलोचा. एवढं वजन साधारण सव्वा चौरस मीटरवर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला असतो. म्हणजे गणित काठावर पास होतं. यात तुमचं स्वतःचं वजन धरलेलं नाही, पण टब काठोकाठ भरला असेल तर आर्किमिडीजच्या कृपेने त्याची काळजी नको: तुम्ही उतरलात की साधारण तुमच्या वजनाइतकं पाणी बाहेर पडेल आणि बेरीज जवळपास तीच राहील. ते बाहेर पडलेलं पाणी कुठे जाईल, हा पुढचा विषय. मात्र जुन्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली बुडवून त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो आणि त्याचं वजन या गणितात नाही. तेव्हा टब घेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच. त्याची फी वाचवून लोक सोनेरी नळ घेतात.

आता खालच्या मजल्यावरचे काका.

टब-टाइल्सच्या कामात सिमेंटपेक्षा महत्त्वाचा घटक म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका. सोसायटीला अर्ज द्यायचा, डिपॉझिट भरायचं, राडारोडा कुठे टाकणार ते लिहून द्यायचं, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद ठेवायची, हे सगळं रीतसर कराच. पण त्याआधी एका संध्याकाळी काकांकडे जाऊन चहा घ्या आणि त्यांच्याच देखत त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो काढा. चारही कोपऱ्यांचे, तारखेसह. त्या छतावर आधीच एखादा पिवळसर डाग असतो. आज तो त्यांच्या लक्षातही नाही. तुमच्याकडे पहिला हातोडा पडला की तो डाग तुमचा होतो.

तोडफोडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धूळ कपाटातल्या बंद पेढ्यांच्या डब्यातही जाते. जुन्या टाइल्स निघाल्यावर भिंतीला टाचे मारून घ्यायचे, म्हणजे नवा गिलावा धरतो. या दिवसांत यजमानांनी ऑफिसला जावं.

त्यांनी सुट्टी टाकायची ती प्लंबर येईल त्या दिवशी. भिंतीत बुजवलेले पाइप पुन्हा कधी दिसत नाहीत. म्हणून ते बुजवण्याआधी हातपंपाने पाण्याचा दाब देऊन रात्रभर ठेवावेत आणि सकाळी गेजचा काटा तिथेच आहे ना ते बघावं. काटा खाली आला असेल तर प्लंबर म्हणेल की गेजच खराब आहे. तुम्ही म्हणायचं, बरं, मग दुसरा गेज आणा. हे वाक्य आधी आरशासमोर म्हणून बघा, कारण मध्यमवर्गीय माणसाला ते सहज जमत नाही. त्यानंतर भिंतीवर टेप धरून, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर ते दिसेल असे, फोटो काढून ठेवा. त्यांचा उपयोग लेखाच्या शेवटी आहे.

मग वॉटरप्रूफिंग. केमिकलचे दोन हात, एक आडवा, एक उभा, आणि जमिनीबरोबर भिंतीवरही फूटभर चढवलेले. शॉवरच्या भागात आणखी वर. ते वाळलं की नहाणी ट्रॅपमध्ये फडक्याचा बोळा कोंबायचा, उंबऱ्याशी मालाचा छोटा बांध घालायचा आणि दोनेक इंच पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवायचं. भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची रेघ मारून ठेवा. दोन दिवस घरातल्या प्रत्येकाने येता-जाता त्या रेघेकडे बघायचं. खाली काका छताकडे बघत असतातच. या दोन दिवसांत मिस्त्री म्हणेल, 'साहेब, एका दिवसात पण कळतं.' कळतं, पण काकांना दोन दिवसांत कळतं.

इथे एक खूण सांगून ठेवतो. मिस्त्री 'होऊन जाईल' म्हणाला तर निश्चिंत राहा, होईल. तो 'दिसणार नाही' म्हणाला की काम तिथल्या तिथे थांबवा. टबाखालचा पाइप दिसणार नाही, टाइलमागची पोकळी दिसणार नाही, कोपऱ्यातला न भरलेला सांधा दिसणार नाही. बाथरूम दुरुस्तीचा सगळा खर्च न दिसणाऱ्या गोष्टींवर होतो.

टाइल्सची खरेदी हा या कामाचा कौटुंबिक भाग. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात, आणि मोरबीच्या कारखानदारांनी कित्येक वर्षं ठरवून टाकलं होतं की बाथरूममध्ये खाली गडद, वर फिकट आणि मधोमध हायलायटर हवा. हायलायटर म्हणजे डॉल्फिन, शिंपले किंवा पाण्यावर तरंगणारी कमळं. आता करडा रंग आला आहे. मुलीला करडा हवा, आईला पांढरा हवा कारण 'मळ दिसतो म्हणजे साफ होतो', आणि यजमानांना बजेट हवं. कोण जिंकतं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. यजमानांनी फक्त हिशेब करावा आणि खोक्यांवरचा बॅच नंबर व शेड एकच आहे ना ते वाचावं, कारण दोन बॅचमधला फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, घरच्या उन्हात दिसतो.

हिशेब असा. बाथरूम साडेसात फूट बाय पाच फूट. भिंतींचा घेर २५ फूट. टाइल सात फुटांपर्यंत, म्हणजे १७५ चौरस फूट. दाराचे साडेसतरा वजा केले, उरले १५७.५. तुटफुटीचे दहा टक्के धरून १७३. एक बाय दोनची टाइल दोन चौरस फुटांची, म्हणजे ८७ टाइल्स. हा हिशेब यजमान कॅल्क्युलेटर, पेन आणि लॅपटॉप घेऊन रात्री अकराला पूर्ण करतात. सकाळी मिस्त्री दारातून एकदा आत डोकावतो आणि म्हणतो, 'नव्वद सांगा साहेब.'

आता प्रत्यक्ष लावणं. इथे यजमानांनी जागा नीट निवडावी: उंबऱ्याच्या बाहेर, डाव्या बाजूला, जिथून ओळंबा दिसतो पण प्रकाश अडत नाही. मिस्त्री भिंतीच्या माथ्याला खिळा ठोकतो, ओळंबा सोडतो, आणि दोरी व भिंत यांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली बोटाने मोजतो. तुम्ही तीस वर्षं सरळ समजत होतात ती भिंत चार सूत, म्हणजे अर्धा इंच, पुढे झुकलेली निघते. गुण्या लावला की कोपरा काटकोनात नाही हेही कळतं. यावर 'बिल्डरने फसवलं' असं म्हणून हळहळण्यासाठी पाच मिनिटं राखून ठेवावीत. मिस्त्री तोवर तंबाखू मळतो. मग तो झुकाव गिलाव्याने मारून घ्यायचा. टाइलमागे माल कमीजास्त भरून नव्हे.

टाइल पाण्यात भिजवायची की नाही, यावर यजमानांनी वाद घालू नये पण उत्तर माहीत असावं. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल तहानलेली असते, आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. सिमेंटवर लावायची तर आधी भिजवायलाच हवी, नाहीतर मालातलं पाणी ती ओढून घेते आणि माल कच्चा राहतो. तीच टाइल अ‍ॅढेसिव्हने लावायची तर कोरडी लावायची. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, म्हणून नुसतं सिमेंट तिला धरत नाही. तिला अ‍ॅढेसिव्हच लागतं. मिस्त्रीला हे सगळं ठाऊक असतं. तरीही घाईत तो टाइलच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्ये असे मालाचे पाच गोळे ठेवून ती भिंतीवर थापतो. लगेच काही होत नाही. उद्या तुम्ही तिथे स्क्रूसाठी ड्रिल लावता आणि टाइल मधोमध तडकते. दातेरी थापीने अ‍ॅढेसिव्ह सगळीकडे ओढलेलं असावं. दुसऱ्या दिवशी रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइल वाजवावी. भरीव टाइल 'टक्' म्हणते, पोकळ टाइल 'डब्' म्हणते. डब् म्हणाली की खडूने फुली. हे काम मिस्त्री जेवायला गेल्यावर करावं. त्याच्या देखत केलं तर दोघांनाही अवघडतं.

क्रम चुकू देऊ नये. आधी टब, मग त्याच्या वरच्या टाइल्स. टाइल टबाच्या काठावर उतरली पाहिजे, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी टबातच पडतं. उलटं केलं तर ते टबामागे जातं आणि काकांकडे निघतं. टबाच्या पायांना स्क्रू असतात. ते फिरवून, चारही काठांवर लेव्हल ठेवून, टब सपाट करायचा. उताराची काळजी नको, उतार टबाच्या तळातच दिलेला असतो. जमिनीचा उतार मात्र मिस्त्रीनेच द्यायचा आहे: फुटाला सूत-दीड सूत, ट्रॅपच्या दिशेने. एक मग पाणी ओतून बघा. पाणी ट्रॅपकडे न जाता दाराकडे निघालं तर ते बघायला घरातले सगळे आधीच दारात उभे असतात. टबाच्या पुढच्या बाजूला हात जाईल एवढी झडप ठेवा, कारण खालचा ट्रॅप कधीतरी तुंबणार आहे. मिस्त्री म्हणेल, झडप दिसेल. दिसू दे.

ग्राउट भरताना साधं पांढरं सिमेंट स्वस्त पडतं आणि वर्षभरात काळं पडतं. एपॉक्सी महाग असतं, टिकतं, आणि टाइलवर सांडलेलं लगेच पुसलं नाही तर तेही टिकतं. 'नंतर साफ होईल' हे वाक्य ऐकलं की स्वतः फडकं घेऊन आत शिरावं. संपूर्ण कामात मिस्त्रीच्या देखत यजमानांनी उंबरा ओलांडण्याचा हा एकमेव प्रसंग.

टब आणि भिंत यांच्या सांध्यात मात्र ग्राउट नको, सिलिकॉन हवं. आणि इथे एक युक्ती आहे जी मिस्त्री सहसा सांगत नाही: सिलिकॉन भरण्याआधी टब पाण्याने भरायचा. भरलेला टब वजनाने केसभर खाली बसतो. रिकाम्या टबाला सिलिकॉन लावलं तर पहिल्याच आंघोळीला सांधा उघडतो. म्हणून टब भरा, सांधा कोरडा करा, सिलिकॉन भरा, आणि रात्रभर पाणी तसंच राहू द्या. पुण्यात असाल तर हे बुधवारी करू नका. देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं की महापालिकेला गुरुवारच आठवतो, आणि गुरुवारी सकाळी टबात दोनशे लिटर पाणी तयार असेल तर घरातलं कुणीही ते सोडू देणार नाही. आई बादली घेऊन येईल. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी असं पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरतात. तुमच्या टबात एका माणसाचं दीड दिवसाचं पाणी आहे. एकदा हे गणित घरात कळलं की टबाची पुढची कारकीर्द ठरून जाते.

पण समजा, गुरुवार नाही, पाहुणे नाहीत, आणि यजमानांना टबात गरम पाण्याने आंघोळ करायचीच आहे. पंचवीस अंशांचं दोनशे लिटर पाणी चाळीस अंशांवर न्यायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. दोन किलोवॉटचा गिझर ते पावणेदोन तासांत करतो. टाकी पंधरा लिटरची असो वा पंचवीसची, वेळ तोच. तोवर आधी पडलेलं पाणी निवत असतं. आठला सुरुवात केली तर पावणेदहाला कोमट आंघोळ मिळते आणि ऑफिसची बस गेलेली असते.

यावर उपाय म्हणून कुणी गॅस गिझर सुचवेल. इथे थट्टा थांबवतो. बंद बाथरूमच्या आत गॅस गिझर कधीही लावू नका. तो हवेतला ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याने माणसं गेली आहेत. तो बाहेर, मोकळ्या हवेतच बसवायचा.

काम संपलं, मिस्त्रीचा हिशेब झाला, काकांना पेढे पोचले, की सर्वांत मोठा धोका सुरू होतो. टॉवेल रॉड लावायला येणारा मुलगा. तो हसतमुख असतो, त्याच्याकडे ड्रिल असतं, आणि पाइप कुठून गेलाय हे त्याला माहीत नसतं. मघाशी टेप धरून काढलेले फोटो त्याला दाखवल्याशिवाय ड्रिलचं बटण दाबू देऊ नका. आणि नव्वदांपैकी ज्या तीन-चार टाइल्स उरल्या असतील त्या मिस्त्रीने मागितल्या, शेजाऱ्यांनी ओट्यासाठी मागितल्या, तरी देऊ नका. खोक्यावरचा बॅच नंबर लिहून माळ्यावर ठेवा. फोटो दाखवूनही त्या मुलाने पाइप फोडला तर नेमक्या तेवढ्याच टाइल्स लागतील, आणि तो शेड तोवर मोरबीत बंद झालेला असेल.